गाणं चेन्नईचं, गर्दी जाफन्यात

प्रश्न : आमचं मूळ गाव विट्याजवळ. चेन्नईत सौकारपेटला वडिलांपासून गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान आहे. शेजारच्या बिऱ्हाडात श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेलं एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांच्याकडे सकाळी इळैयराजा लागतो तो रात्री रहमान आणि अनिरुद्धवर थांबतो. हरिहरन जाफन्याला गेले तेव्हा लोकांनी अडथळे मोडून मैदान भरलं, हे तिथले काका कौतुकाने सांगतात. पण रामेश्वरमच्या कोळ्यांचा विषय निघाला की हेच काका तापतात, 'तुमच्या बोटींनी आमचा समुद्र खरवडून नेला' म्हणतात. इकडच्या गायकांचा तिकडे एवढा पगडा कसा? तिकडच्या गायकांचं इकडे काहीच चालत नाही का? आणि भांडणही आहे, गाणंही आहे, हा मेळ कसा बसतो?

उत्तर : तुमचे काका तिखटमीठ लावून सांगत नाहीत. 9 फेब्रुवारी 2024 रोजी जाफन्याच्या मुट्रवेळी मैदानावर हरिहरन यांचा कार्यक्रम होता. पुढे तिकिटाच्या खुर्च्या आणि मागे फुकट उभं राहायची जागा, अशी व्यवस्था होती. मागच्यांना मागे राहणं मान्य नव्हतं. अडथळे पडले, लोक मिळेल त्या उंचवट्यावर चढले, पोलिसांची धावपळ झाली आणि गाणं काही काळ थांबवावं लागलं. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2023 मध्ये, चेन्नईचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाफन्यात विनामूल्य कार्यक्रम केला, तेव्हाही गर्दी लोटली होती. गंमत अशी की ज्यांच्यासाठी कुंपणं मोडली ते हरिहरन लहानाचे मोठे झाले मुंबईत, आणि 'जोगवा' चित्रपटातल्या 'जीव रंगला'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. पण जाफन्यातल्या माणसाला याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीने ते 'रोजा'पासून तमिळ गाणारे आपले हरिहरन.

आता पगडा कसा, हे पाहू. झटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'भाषा एक आहे म्हणून'. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. भाषा हेच कारण असतं तर सिंहली माणसाने हिंदी गाण्यांवर जीव टाकायचं कारण नव्हतं. 4 फेब्रुवारी 1980 रोजी, श्रीलंकेच्या स्वातंत्र्यदिनी, महंमद रफी कोलंबोत गायले. तिथे लोटलेल्या अफाट गर्दीत हिंदी समजणारे किती असतील? एच. आर. जोतिपाल हे सिंहली चित्रपटांतले अतिशय लाडके पार्श्वगायक. त्यांची कितीतरी गाणी हिंदी चालींवर सिंहली शब्द बसवून केलेली होती, आणि 1987 मध्ये ते वारले तेव्हा कोलंबोत रस्ते ओसंडले. तेव्हा भाषेपलीकडे आणखी काहीतरी आहे. ते म्हणजे वाट. गाणं ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने येतं आणि ती वाट कोणाच्या हातात असते, हे पाहिलं की बहुतेक गाठी सुटतात.

पहिली वाट आगगाडीची आणि बोटीची. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघालेली बोट मेल धनुष्कोडीला पोचायची, तिथे प्रवासी आगबोटीत बसायचे, पलीकडे तलैमन्नारला उतरायचे आणि कोलंबोची गाडी पकडायचे. अरुंद ठिकाणी ही सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर आहे. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडीच वाहून गेलं आणि धनुष्कोडीमार्गे जाण्याची ही सोय संपली. तोवर नाटक मंडळ्या, वादक, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि चित्रपटांची रिळं याच रस्त्याने ये-जा करत होती.

चित्रपटांचं तर मूळच इकडे होतं. पहिला सिंहली बोलपट 'कडवुणु पोरोंदुव' जानेवारी 1947 मध्ये प्रदर्शित झाला, तो तयार झाला मदुराईच्या स्टुडिओत. पुढची काही वर्षं सिंहली चित्रपट दक्षिण भारतातच बनत राहिले. स्टुडिओ इकडचा म्हटल्यावर वाद्यवृंद इकडचा, चाली इकडच्या आणि पुष्कळदा गळेही इकडचे. जिक्की आणि जमुना राणी या मद्रासच्या गायिका सिंहलीत गायल्या. मराठी वाचकाला विशेष वाटेल ते असं की 1955 च्या 'सेद सुळंग' या चित्रपटात लता मंगेशकरांनी सिंहली गाणं म्हटलं आहे, तेही श्रीलंकेच्या मातृभूमीचं गुणगान करणारं.

यात मला सर्वांत नवलाचा माणूस वाटतो तो मोहिदीन बेग. जन्म 1919 चा, तमिळनाडूतल्या सेलमचा, धर्माने मुसलमान. पोरवयात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेला आणि तिथे सिंहली चित्रपटांचा आघाडीचा गायक झाला. त्याने म्हटलेली बौद्ध भक्तिगीतं वेसाकच्या, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या, सणाला सिंहली घरांतून वाजत आली आहेत. सेलमच्या या माणसाला श्रीलंकेतल्या श्रोत्यांनी परका मानलंच नाही. त्यामुळे 'शेजारच्या देशाचा गायक' ही आपली आजची समजूत तेव्हाच्या माणसांना लावताना जरा जपून.

दुसरी वाट हवेतली, आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तिकडचं इकडे काहीच चालत नाही असं तुम्हाला वाटतं, पण एक काळ असा होता की अख्खा भारत कोलंबोच्या तालावर डोलत होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये लघुलहरींचा एक दणकट प्रक्षेपक बसवला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. इकडे दिल्लीत 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खातं आलं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी अभिरुची सुधारण्याऐवजी रेडिओची सुई फिरवली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि मुंबईचीच गाणी समुद्रावरून वळसा घालून मुंबईत ऐकू यायची. आकाशवाणी जाहिराती घेत नव्हती, रेडिओ सिलोन घेत होतं, म्हणून बिनाका टूथपेस्टचा पैसाही तिकडे गेला. 1957 मध्ये विविध भारती निघाली आणि 1967 मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा कुठे तो ओघ आवरला.

हिंदी श्रोत्यांची ही गोष्ट आपल्याला पाठ असते, पण तिची तमिळ जुळी बहीण सहसा कोणी सांगत नाही. रेडिओ सिलोनची तमिळ सेवा सगळ्या तमिळनाडूत ऐकली जायची. चेन्नईतल्या साठीपुढच्या कोणालाही मयिलवाहनम, के. एस. राजा किंवा बी. एच. अब्दुल हमीद ही नावं विचारा. हे गायक नव्हेत, निवेदक. गाणी मद्रासचीच, पण कोणतं गाणं कितीदा वाजणार, कोणत्या चित्रपटाची हवा होणार, हे कोलंबोतली ही मंडळी ठरवत. अब्दुल हमीद तर पुढे चेन्नईच्या सन टीव्हीवर गाण्यांच्या भेंड्यांसारखा 'पाट्टुक्कु पाट्टु' हा कार्यक्रम घेऊन घराघरांत पोचले. म्हणजे माल इकडचा, दुकान तिकडचं आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचं असा तो व्यवहार होता.

केसकरांचं नाव आलंच आहे तर एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्याकडे फारशी माहीत नाही. 1952 मध्येच रेडिओ सिलोनने आपल्या सिंहली गायकांची परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी देण्यासाठी भारतातून एक पंडित बोलावले. ते होते पं. श्रीकृष्ण रातंजनकर, मुंबईचे, भातखंड्यांचे पट्टशिष्य आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. आकाशवाणीवरच्या गायकांची चाचणी घेणाऱ्या मंडळाची धुराही त्यांच्याकडेच होती. तेव्हा सिलोनमध्ये सुनील सांत नावाचा गायक लोकांच्या गळ्यातला ताईत होता. त्याने रातंजनकरांपुढे चाचणीला बसायला साफ नकार दिला. आमचं संगीत भारतीय मापाने का मोजायचं, हा त्याचा सवाल होता. या नकारापायी त्याचं रेडिओवरचं गाणं गेलं. वर आणखी विरोधाभास असा की तो स्वतः शांतिनिकेतनात आणि लखनौला शिकून आलेला होता. आणि रातंजनकरांनी तिथल्या संगीतज्ञांना दिलेला सल्ला तर असा होता की तुमच्या लोकगीतांतून तुमचं संगीत उभं करा! पुढे 1956 मध्ये लेस्टर जेम्स पीरिस यांनी भारतीय स्टुडिओ सोडून श्रीलंकेतल्या खेड्यात 'रेकाव' हा चित्रपट केला, तेव्हा त्याच्या संगीतासाठी सुनील सांतच लागले. शेजारच्या मोठ्या देशाचा प्रभाव म्हटला की त्याच्या पोटात चीडही असते. ती चीड तेव्हा सिंहली बाजूला होती, हे लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या प्रश्नात तिचं काम पडणार आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. तिकडचे गायक इकडे गाजले का? गाजले, पण कधी, ते पाहा. 1970 मध्ये सिरिमावो बंदारनायके यांचं सरकार आलं आणि परदेशी चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध बसले. त्यात भारतातून येणारे तमिळ चित्रपट आणि मासिकंही सापडली. मद्रासचा ओघ आटला, तशी तिथल्या तमिळ कलावंतांना जागा मिळाली. श्रीलंकेतच तमिळ चित्रपट निघू लागले आणि गिटार, बोंगो घेऊन गाणारी तमिळ पॉप मंडळी पुढे आली. नित्ती कनकरत्नम यांचं 'चिन्न मामिये' आणि ताडीच्या दुकानाकडे फिरकू नकोस म्हणून बजावणारं त्यांचं गाणं याच पिढीतलं. चित्रपटाबाहेरचं, दैनंदिन बोलीतलं, थोडं वात्रट तमिळ गाणं ही चेन्नईला नवी चीज होती, कारण इकडे लोकप्रिय गाणं म्हणजे चित्रपटातलंच गाणं असा शिरस्ता होता.

या मंडळींतले ए. ई. मनोहरन सरळ मद्रासलाच आले. त्यांचं 'सुरांगनी' तुम्ही नक्की ऐकलं असणार. चेन्नईत लग्नाच्या वाद्यवृंदात ते अजून वाजतं. सुरांगनी नावाच्या मुलीसाठी मासे आणल्याची साधी गोष्ट. धृपदाचे शब्द सिंहली, बाकीचं गाणं तमिळ. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सिंहली ओळ कळत नव्हती आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही. इळैयराजांनी ते गाणं 1977 च्या 'अवर एनक्के सोंतम' चित्रपटात घेतलं. मनोहरन तमिळ चित्रपटांत खलनायक म्हणून दिसू लागले आणि 'सिलोन मनोहर' म्हणूनच ओळखले गेले. जानेवारी 2018 मध्ये त्यांचं निधन झालं तेही चेन्नईतच.

मग ही लाट टिकली का नाही? 1977 मध्ये श्रीलंकेत सरकार बदललं, आयात खुली झाली आणि मद्रासचे चित्रपट, ध्वनिफिती यांचा लोंढा पुन्हा सुरू झाला. मोठ्या बाजारात तयार झालेला माल स्वस्त आणि चकचकीत असतो. छोट्या बाजारातला कलावंत त्यापुढे टिकत नाही. जाफन्यात 'रेकॉर्डिंग बार' नावाची दुकानं निघाली. तुम्ही कोऱ्या कॅसेटबरोबर गाण्यांची यादी द्यायची, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, आणि काही दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची. त्या याद्यांत इळैयराजाच इळैयराजा. त्यानंतर 1983 च्या जुलैमध्ये तमिळविरोधी दंगली पेटल्या, सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात युद्ध सुरू झालं, आणि जे तमिळ गायक-वादक शिल्लक होते त्यांतले पुष्कळ देश सोडून गेले. तुमच्या काकांच्या पिढीचे कान चेन्नईच्या स्वाधीन झाले त्याला हे कारण आहे. आमचे गायक श्रेष्ठ म्हणून तुमच्या घरात आमचं गाणं, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढू नये.

युद्धातलं ऐकणं कसं होतं, त्याची एक गोष्ट सांगतो. 1990 नंतर जाफना द्वीपकल्पाची वीज तुटली, आणि सरकारने तिकडे न्यायला बंदी केलेल्या वस्तूंत साधे बॅटरीचे सेलसुद्धा होते. लोकांनी सायकल स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाच्या डायनॅमोची तार रेडिओला जोडली आणि एकाने पायडल हाताने फिरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पद्धत पाडली. फिरवणाऱ्याचा हात मंदावला की आवाज खाली जायचा, जोर लावला की वर. बातम्या ऐकायला हे करत, तसंच गाण्यांनाही. त्या मुलांपैकी जी आज पन्नाशीला आली आहेत त्यांना ते गाणं ऐकताना नुसता गायक आठवत नाही. पाळी कोणाची होती, तेही आठवतं. अशा श्रोत्याची निष्ठा जाहिरातीने तयार होत नाही. आणि 2024 मध्ये मैदानावर अडथळे का मोडले, याचं उत्तर त्या गर्दीच्या बेशिस्तीबरोबर इथेही थोडं शोधावं, असं मला वाटतं.

तिसरा प्रश्न खरा गमतीचा. गाणं आवडतं, तर भांडण कसं? इथे आधी एक गैरसमज बाजूला करू. श्रीलंकेतला तंटा म्हणजे एका बाजूला सिंहली, दुसऱ्या बाजूला तमिळ, आणि आपले तमिळनाडूवाले त्या तमिळांचे पाठीराखे, असं चित्र आपण धरून बसतो. पण ज्या कोळ्यांबद्दल काका चिडतात ते प्रकरण तमिळ विरुद्ध तमिळ आहे. तमिळनाडूच्या यांत्रिक बोटी तळ खरवडणारी जाळी ओढतात, त्यात मासळीची पिल्लं आणि जाफन्याच्या छोट्या कोळ्यांची जाळीही जातात. श्रीलंकेने 2017 मध्ये कायदा करून अशी मासेमारी बंद केली. नुकसान होतं ते जाफन्यातल्या तमिळ कोळ्यांचं, आणि दुपारी हे नुकसान मोजणारा माणूस रात्री चेन्नईचं गाणं ऐकतो. यात विसंगती नाही. सुनील सांतच्या वेळी शेजारच्या मोठ्या देशाबद्दलची जी चीड सिंहली बाजूला होती, ती इथे तमिळ बाजूला आहे, इतकंच. गाणं आवडणं हा पाठिंब्याचा ठराव नव्हे. आपण तरी मेहदी हसन आणि नुसरत फतेह अली खान ऐकताना परराष्ट्र धोरण बदलतो का?

मात्र 'संगीताला सीमा नसतात' हे वाक्यही मी तुम्हाला देणार नाही. सीमा असतात, फक्त त्या गाण्यापेक्षा गायकाला जास्त लागतात. राजकारण तापलं की अडतात ते प्रत्यक्ष कार्यक्रम. 2009 मध्ये युद्ध ज्या रक्तपाताने संपलं, त्याच्या पुढच्याच वर्षी जूनमध्ये कोलंबोत 'आयफा'चा चित्रपट सोहळा ठरला. दक्षिणेतल्या चित्रपट संघटनांनी बहिष्कार पुकारला, आणि या सोहळ्याचा चेहरा असलेले अमिताभ बच्चनही गेले नाहीत. 2013 मध्ये जयललितांनी श्रीलंकेच्या क्रिकेटपटूंना चेन्नईतल्या आयपीएल सामन्यांत खेळू दिलं नाही. पण याच काळात जाफन्यातल्या दुकानांत चेन्नईच्या सीडी विकल्या जात होत्या आणि चेन्नईच्या लग्नांत सिंहली धृपदाचं 'सुरांगनी' वाजत होतं. कोणी हरकत घेतली नाही, कारण ते परदेशी आहे हेच लोक विसरले होते.

2021 चं उदाहरण याहून बोलकं आहे. योहानी या सिंहली गायिकेने त्या मे महिन्यात 'मणिके मगे हिते' आपल्या आवाजात म्हणून यूट्यूबवर टाकलं. गाणं तिचं मूळचं नव्हतं, सतीशन यांनी ते आधीच्या वर्षी केलं होतं. जुलैत अमिताभनी आपल्या 'कालिया'तल्या नाचावर हे गाणं चढवलेली चित्रफीत लोकांना दाखवली. कोलंबोला न गेलेले तेच अमिताभ! बघता बघता भारतभर ते सिंहली गाणं झालं, पुढच्या वर्षी 'थँक गॉड' या हिंदी चित्रपटातही आलं. चेन्नईतले तरुणही त्यावर नाचले. मग कोणीतरी लक्षात आणून दिलं की तिचे वडील श्रीलंकेच्या सैन्यात मोठे अधिकारी होते आणि 2009 च्या शेवटच्या लढाईत एका डिव्हिजनचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तमिळ श्रोत्यांत दोन तट पडले. एक म्हणे मुलीने काय पाप केलं, दुसरा म्हणे आमच्याच्याने हे ऐकवत नाही. मला दोघांचंही म्हणणं समजतं, आणि दुसऱ्या तटातल्या माणसाला 'कलेत राजकारण आणू नका' असं सुनावण्याचा अधिकार तिसऱ्या प्रांतात बसलेल्या आपल्याला नाही असंही वाटतं.

चेन्नईचा तिकडच्या गायकांवर परिणाम आणि पुन्हा उलट, असा हा पाळणा आता जगभर हलतो. मातंगी अरुळप्रगासम ऊर्फ एम.आय.ए. ही गायिका लंडनमध्ये जन्मली, जाफन्यात वाढली, काही काळ मद्रासला राहिली आणि पुन्हा लंडनला गेली. 2007 च्या तिच्या 'काला' या अल्बमसाठी तिने चेन्नईला येऊन उरुमी ढोल वाजवणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण केलं, इळैयराजांच्या 'दळपती'तल्या गाण्याचा तुकडा घेतला आणि 'डिस्को डान्सर'मधलं बप्पी लाहिरींचं गाणंही पुन्हा केलं. 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये रहमान यांच्याबरोबरचं तिचं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. रॅप करणारे आर्यन दिनेश कनकरत्नम हेही श्रीलंकेचे, त्यांना रहमान यांनी 2013 च्या 'कडल'मध्ये गायला घेतलं. पूर्वी प्रक्षेपक कोणाकडे आहे यावर सगळं ठरायचं; आता खोलीत बसून केलेलं गाणं पलीकडे पोचू शकतं, म्हणून छोट्या बाजारातल्या गायकालाही संधी आहे. ते सर्वांनाच मिळतं असं समजू नका. योहानी एक, आणि न पोचलेले शेकडो.

शेवटी एक दुरुस्ती तुमच्या प्रश्नातच करायला हवी. तुम्ही 'इकडचे' आणि 'तिकडचे' अशी वाटणी केलीत, पण काही माणसं दोन्हीकडची आहेत. मार्च 2021 मध्ये 'एंजॉय एंजामी' हे गाणं आलं. संगीत संतोष नारायणन यांचं, गायले धी आणि अरिवु. अरिवु अरक्कोणमचा, चेन्नईपासून फार दूर नसलेल्या गावचा. त्या गाण्यामागे त्याच्या आजीची, वळ्ळियम्मांची हकिकत आहे. इंग्रजांच्या काळात तमिळ मजूर सिलोनच्या चहामळ्यांत नेले गेले. जाफन्याचे तमिळ वेगळे, हे मळ्यातले वेगळे. दोघांना एक समजणं ही आपली नेहमीची चूक. स्वतंत्र सिलोनने या मळेवाल्यांना नागरिकत्व नाकारलं. ऑक्टोबर 1964 मध्ये लालबहादुर शास्त्री आणि सिरिमावो यांच्यात करार झाला आणि सुमारे सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख त्यांनी ठेवायची, असं ठरलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मळे फुलवले ते जमिनीच्या तुकड्याविना तमिळनाडूत परतले. ते गाणं श्रीलंकेतल्या मळ्यांत आवडलं तर त्याला चेन्नईचा प्रभाव म्हणायचं की घरची बातमी घरी पोचली म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : 'सुरांगनी'सारखी गाणी ऐकताना गोव्याची आठवण येते. श्रीलंकेचा बैला हा नाचगाण्याचा प्रकार गोव्यातून गेला का?

उत्तर : गोव्यातून नव्हे, पण दोघांच्या घरी पाहुणा एकच आला होता. पोर्तुगीज 1505 मध्ये सिलोनला पोचले आणि 1658 पर्यंत त्यांनी तिथली किनारपट्टी सांभाळली. त्यांच्याबरोबर आलेल्या आफ्रिकी लोकांनी आणि मिश्र वंशाच्या बर्गर समाजाने नाचगाण्याचा 'काफिरिंगा' हा प्रकार जपला. डच आले, इंग्रज आले, तरी तो राहिला. 1940 च्या दशकात वॉली बॅस्टियन या पोलिसातल्या माणसाने त्या ठेक्यावर सिंहली शब्द बसवले आणि बैला सगळ्या देशाचा झाला. सहा मात्रांचा तो उड्या मारणारा ठेका गोव्याच्या दुलपदातही आहे, म्हणून तुम्हाला गोवा आठवतो. मांडो संपून दुलपद सुरू होतं तेव्हा बसलेली माणसं उठून नाचू लागतात. कोलंबोतल्या लग्नात रात्री उशिरा बैला लागतो तेव्हाही हेच होतं.